आत्ता येतो, इथेच बसा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीतील समाजमंदिरात आम्ही पालकांसाठी लघुपटांचा एक कार्यक्रम ठेवला होता. भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली पांढरी चादर, पुढे सतरंज्या, मागे २८ प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रोजेक्टरचे भाडे ९०० रुपये, चहा-बिस्किटे ४२० रुपये, वर्गणी जमली ११५० रुपये. म्हणजे १७० रुपये आमच्या खिशातून गेले. आम्ही पडलो कॉमर्सचे पदवीधर आणि पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला पुढचे बोलता येत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

विषय उघड होता. दारू. दर पौर्णिमेला विहारात बसून पाचवे शील म्हणायचे आणि पगाराच्या दिवशी नाक्यावर ते विसरायचे, अशी काही घरे आमच्या वस्तीत आहेत. तुमच्या वस्तीत नसतील तर आनंदच आहे. या विषयावर भाषणे देऊन आम्ही थकलो आणि ऐकून लोक थकले. तेव्हा आमच्या मुलीने सुचविले, "पप्पा, भाषण नको. पिक्चर दाखवा. छोटे असतात, वीस मिनिटांचे." ती यंदा बारावीला आहे. कॉलेजात एक चित्रपट मंडळ चालते, त्यात ती असते. लघुपट निवडले तिनेच, लॅपटॉप जोडला तिनेच, आणि परदेशी लघुपटातील बोलणे आमच्या बायाबापड्यांना कळावे म्हणून चादरीच्या बाजूला माईक घेऊन मराठीतून सांगत उभी राहिलीही तीच. आम्ही फक्त खुर्च्या मांडल्या.

पहिला लघुपट न्यूझीलंडचा, टायका वायटिटी या दिग्दर्शकाचा. नाव 'टू कार्स, वन नाइट', म्हणजे दोन गाड्या आणि एक रात्र. नावात आहे तेवढेच त्यात आहे. समुद्रकाठच्या एका लहान गावात रात्रीच्या वेळी दारूच्या अड्ड्याबाहेर दोन मोटारी उभ्या आहेत. एकीत दोन भाऊ, दुसरीत एक मुलगी. आईबाप आत पीत बसलेले आणि पोरे बाहेर गाडीत वाट पाहत बसलेली. थोरला भाऊ रोमिओ नऊ वर्षांचा, मुलगी पॉली बारा वर्षांची. धाकटा भाऊ आपला पुस्तकात डोके घालून बसला आहे. आधी काचेतून एकमेकांना चिडवणे, मग बढाया, मग हळूहळू ओळख, मग मैत्री. पॉलीच्या बोटात एक खोटी अंगठी आहे, ती ती त्याला देते. मग मोठी माणसे परत येतात, गाड्या सुरू होतात आणि दोघे दोन दिशांना जातात. संपला. जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा, रंग नसलेला.

चादर पुन्हा पांढरी झाली तेव्हा सभागृहात कोणीच बोलले नाही. मागच्या खुर्चीवरून एक आजी म्हणाल्या, "एवढंच?" आणि मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "हं. एवढंच असतं."

आम्ही मात्र त्या अकरा मिनिटांत कल्याणात नव्हतोच. आम्ही परळच्या एका नाक्यावर होतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, कापडगिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही एक. तो संप रीतसर मागे घेतला गेल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, पण गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आमचे घर त्यानंतर भोंग्याविना उठू लागले. आण्णांनी हमाली केली, लग्नाच्या हंगामात बँडमध्ये ढोल वाजवला, भाजीची पाटी लावून पाहिली. आणि पिऊ लागले. आई चार घरची धुणीभांडी करू लागली. त्या वेळी आम्ही सहा-सात वर्षांचे असू. संध्याकाळी आण्णा पायात चपला सरकवू लागले की आई आम्हाला त्यांच्याबरोबर धाडी. का, ते फार उशिरा कळले. ती शेजारणीला म्हणे, "पोरगं सोबत असलं की माणूस लवकर परततो."

म्हणजे आम्ही पहारेकरी होतो. देशी दारूच्या दुकानासमोर एक लाँड्री होती. तिच्या पायरीवर आण्णा आम्हाला बसवीत आणि म्हणत, "आत्ता येतो, इथेच बस." मग आतून कोणाच्या तरी हाती चकण्यातले हरभरे कागदाच्या पुडीत येत. आम्ही एकेक हरभरा सोलून खात असू, कारण सोलून खाल्ले की पुडी जास्त वेळ पुरते. समोरच्या दुकानाशी आणखी एक मुलगा येई, तोही आमच्यासारखाच पायरीवर ठेवलेला. त्याच्याजवळ एक मोडका भोवरा होता. वर्षभर आम्ही त्या पायरीवर खेळलो आणि त्याचे नाव काही आम्हाला आठवत नाही. ओळखीच्या कोणी जाता-जाता विचारले, "काय रे, इथं काय करतोस? आण्णा कुठं?" तर आम्ही सांगत असू, "दुकानात गेलेत, तेल आणायला." हे बोलायला आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

त्या पायरीवर आम्ही दुःखी होतो का? खरे सांगायचे तर नव्हतो. हरभरे होते, भोवरा होता, रस्त्यावरचे दिवे होते. वायटिटींच्या लघुपटात नेमके हेच आहे. ती पोरे रडत नाहीत, कॅमेऱ्याकडे केविलवाणे पाहत नाहीत. ती कंटाळलेली आहेत आणि कंटाळ्यातून खेळ काढतात. मोठी माणसे तर त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांना वाईट ठरवायला वेळच दिलेला नाही. आईबापांनी काय केले ते आपल्याला कळते ते फक्त एका गोष्टीवरून, की गाडीतल्या पुढच्या सीटवर मोठे कोणी नाही.

दुसरा लघुपट इंग्लंडचा, अँड्रिया अर्नोल्ड यांचा, 'वास्प'. वास्प म्हणजे गांधीलमाशी. २००५ साली लघुपटांना मिळणारे ऑस्कर याला मिळाले आणि गंमत अशी की त्याच वर्षीच्या पाच नामांकनांत 'टू कार्स, वन नाइट'ही होता आणि आपल्याकडच्या अश्विन कुमार यांचा 'लिटिल टेररिस्ट'ही. नामांकने वाचली जात असताना वायटिटी साहेबांनी कॅमेऱ्यासमोर झोपल्याचे सोंग केले होते. आम्हाला ते आवडले. असो.

'वास्प'मधली झोई ही चार लेकरांची तरुण आई. नवरा नाही, पैसा नाही. घरात खायला काही नाही, म्हणून पोरांच्या हातावर ती साखर देते. जुना ओळखीचा एक तरुण तिला भेटतो आणि बिअरच्या अड्ड्यावर बोलावतो. ही पोरे आपली नव्हेत, आपण नुसती सांभाळतो आहोत, असे ती त्याला सांगून बसली आहे. आता पोरांना ठेवायचे कोणाकडे? ती त्यांना बरोबर घेऊन जाते, अड्ड्याच्या बाहेर बसवते, आतून एक कोक आणि वेफर्सचे पाकीट आणून देते आणि पुन्हा आत जाते. संध्याकाळ जाते, रात्र होते. भुकेली पोरे कोणाच्या तरी हातून पडलेले मांस उचलून खातात. तान्ह्याच्या तोंडाला लागलेल्या मसाल्यावर गांधीलमाशी येते आणि त्याच्या तोंडात शिरते. किंकाळी ऐकून झोई धावत बाहेर येते.

(मधली दोन-तीन मिनिटे आमच्या मुलीने पुढे सरकवली, कारण सतरंजीवर लहान मुले होती. हे तिने स्वतःच ठरविले. आम्ही हळूच मान हलविली.)

माशी उडून जाते. बाळ वाचते. तो तरुणही रागावून निघून जात नाही, सर्वांना गाडीत बसवतो, खायला घेऊन देतो. आमच्या सभागृहातल्या स्त्रिया हा लघुपट संपल्यावर भांडायलाच उठल्या. एक म्हणाली, असली कसली आई. दुसरी म्हणाली, तिला कोणी विचारलं का, तू जेवलीस का म्हणून? तिसरी, जी एका शिवणकारखान्यात जाते, ती म्हणाली, "मी पण माझ्या पोरीला कुलूप लावून जात होते. बाहेरून कुलूप. आता बोला." कोणी काही बोलले नाही.

आम्हाला वाटते, भाषण येथे हरते. भाषणात आम्ही म्हणालो असतो की आईने मुलांना टाकून जाऊ नये. बरोबर आहे, जाऊ नये. पण झोई पोरांना टाकून गेलेली नाही, ती त्यांना बरोबर घेऊन गेली आहे, आणि फरक तेवढाच आहे की दाराच्या अलीकडे नेऊन सोडले आहे. गरिबाच्या घरी आईबापांची निवड बहुधा अशीच असते. चांगले एकीकडे आणि वाईट दुसरीकडे अशी ती दोन ताटे वाढून समोर येत नाही. आण्णांनी संप निवडला होता, तो हक्काचा होता. दारू निवडली, ती निवडायला नको होती. पण पहिल्या निवडीपासून दुसरीपर्यंतची वाट कोणी बांधली, याचा हिशेब आम्हाला बी.कॉम. होऊनही मांडता आलेला नाही.

आणखी एक पाहिले. 'वास्प'मधली थोरली मुलगी फार तर आठ-नऊ वर्षांची असेल. धाकट्यांना धरणे, गप्प करणे, तान्ह्याला सांभाळणे, सगळे तीच करते. पुढे तिचे काय होईल हे लघुपट सांगत बसत नाही. मोठ्या चित्रपटात तीच मुलगी नंतर मोठी झालेली दाखवली असती, बिघडलेली किंवा कलेक्टर झालेली. लघुपटाला तेवढी सवड नसते. म्हणून परिणाम त्याला त्याच संध्याकाळी दाखवावा लागतो, आणि आमच्या मते तो खरा तिथेच असतो. आई आत नाचते आहे तेवढ्या वेळात बाहेर एक लहान मुलगी आई होऊन बसली आहे.

आपल्याकडचे नागराज मंजुळे यांनी हे फार चांगले ओळखले आहे. त्यांच्या 'पिस्तुल्या'तला मुलगा शाळेकडे ओढला जातो आणि परिस्थिती त्याला चोरीकडे ढकलते. ते काम करणारा सूरज पवार पुढे 'फॅण्ड्री'त आणि 'सैराट'मध्ये दिसला. पण आमच्या मनात घर करून आहे तो त्यांचा 'पावसाचा निबंध'. २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटासाठी त्यांना कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. मुलीच्या आग्रहामुळे एका कार्यक्रमात आम्ही तो पाहिला. डोंगरझाडीतले गाव, धो धो पाऊस. पावसाच्या सौंदर्यावर भाळलेले गुरुजी वर्गाला पावसावर निबंध लिहून आणायला सांगतात. राजा नावाचा मुलगा घरी येतो. घर पावसाने आता पडते की मग, अशा अवस्थेत. बाप पिऊन बाहेर पडलेला, त्याला त्याच पावसातून घरी आणायचे. आता या पोराने पावसावर काय लिहावे?

आमच्या वर्गातही असा निबंध असे. 'माझे बाबा' या विषयावर. आम्ही सातवीत आण्णांना पोस्टमन केले होते. दहापैकी आठ गुण मिळाले.

आजकाल मोबाईलवर मुलांचे लघुपट पुष्कळ येतात, त्यांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या घरोघरी तेच पाहिले जातात. सिग्नलवर फुगे विकणारे पोर, मागे सनईसारखे काहीतरी रडके वाजते आहे, मोटारीतला साहेब काच खाली करतो, पोर पैसे नाकारते आणि वही मागते. मग पडद्यावर उपदेशाची ओळ. हे लघुपट मुलांविषयी नसतात, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील पाण्याविषयी असतात. त्यांतली मुले नेहमी शहाणी, आईबाप नेहमी राक्षस किंवा देव. असे मूल आम्ही तरी पाहिलेले नाही. आम्ही स्वतः सात वर्षांचे असताना दुसऱ्याचा भोवरा चोरला होता.

तिसरा लघुपट मराठी होता आणि खरी गोष्ट तिथे सुरू झाली. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना केलेला 'गिरणी'. पुढे 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' करणारे तेच. नाव ऐकून आमच्या वयाची मंडळी सरसावून बसली. आमच्या घरांत गिरणी म्हणजे कापडाची. पण ही निघाली पिठाची. आई घरखर्चाला हातभार म्हणून घरातच पिठाची गिरणी आणते. पोराला आधी भारी अप्रूप. मग ती गिरणी दिवसभर घरघरू लागते. घर तिच्या आवाजाने आणि कामाने भरते, लोकांचे डबे पोराला पोचवावे लागतात, बरोबरीची मुले चिडवतात. कौतुकाची वस्तू वैरीण होते. शेवट आम्ही सांगत नाही, आपण पाहावा.

या लघुपटात कोणी दारू पीत नाही. कोणी मारत नाही. आईने केले ते काम कष्टाचे आहे, प्रामाणिक आहे, लेकराच्याच पोटासाठी आहे. आणि तरी त्याची किंमत लेकरू भरते. सभागृहात आम्ही कार्यक्रमाचा समारोप करायला उभे राहिलो आणि काय बोलावे ते सुचेना. दारूबंदीवर तयार केलेले भाषण खिशात होते. ते 'गिरणी'ला लागू पडत नव्हते. आम्ही आभार मानून बसलो.

घरी येताना मुलगी प्रोजेक्टरची पिशवी छातीशी धरून चालत होती. पाऊस भुरभुरत होता. ती म्हणाली, "पप्पा, तो गाड्यांचा पिक्चर मी का निवडला, माहितीये?"

आम्ही म्हणालो, "दारूवर आहे म्हणून."

"नाही," ती म्हणाली. "आमची पण गाडी होती ना. समाजमंदिराच्या पायऱ्या."

वाचकहो, येथे आम्हाला थोडे मागे जावे लागेल. आमची पत्नी एका खासगी इस्पितळात आया म्हणून काम करते. त्या काळी तिला आठवड्यातून तीन रात्रपाळ्या असत. आमच्या बैठका संध्याकाळी. वाचनालय, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, कोणाचा जातीचा दाखला अडलेला, कोणाच्या मुलीला सासरी त्रास. आम्ही आण्णांसारखे कधी पिणार नाही अशी शपथ आम्ही विशीत घेतली होती आणि ती पाळली आहे. त्या शपथेचा आम्हाला एवढा अभिमान की आपण घरी असतोच किती, हे मोजावे असे कधी वाटले नाही. रात्रपाळीच्या दिवशी पत्नी म्हणे, "पोरांना बरोबर न्या. पोरं असली की तुम्ही दहाला तरी परताल." हे वाक्य आम्ही पूर्वी कोणाच्या तोंडून ऐकले होते, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

आत बैठक, बाहेर पायरीवर दोन्ही मुले. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. हातात वेफर्सचे पाकीट. "आत्ता येतो, इथेच बसा."

२०१५ च्या नोव्हेंबरातील अखेरच्या दिवसांतली गोष्ट. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणीवाटपाला जायचे होते, त्याची बैठक चालू होती. साडेनऊच्या सुमाराला कोणीतरी धावत आले. वस्तीतली दोन पोरे एका फलकाच्या भांडणात पोलिसांनी नेली होती. बैठक तशीच मोडली. मोटारसायकली मागच्या बाजूला लावलेल्या, म्हणून सगळे मागच्या दाराने निघालो. आम्ही कोणाच्या तरी मागे बसलो. पुढचे दार आतून लावले गेले. चौकीवर गेलो, बोललो, अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे हे आमचे काम, अक्षर बरे आहे म्हणून. पावणेबाराला पत्नीचा इस्पितळातून फोन आला. "पोरं झोपली का?"

त्या क्षणापर्यंत आम्हाला मुलांची आठवण झाली नव्हती. हे आम्ही आज प्रथमच लिहितो आहोत. आणि त्या क्षणी आम्ही पत्नीला काय म्हणालो, तेही लिहितो. आम्ही म्हणालो, "हो, झोपली."

रिक्षा मिळेना. आम्ही धावत आलो. पायरीवर वरचा दिवा चालू होता. मुलगा बहिणीच्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता, अंगावर तिचा स्वेटर. ती टक्क जागी. तिच्या हातात वड्याच्या कागदाची घडी होती. गाडी बंद करून जाताना वडापाववाल्या मावशींनी विचारले होते, "बाळा, पप्पा कुठं?" आणि तिने सांगितले होते, "आत आहेत. मीटिंग चाललीय." दार बंद, आत अंधार, आणि ती सांगते आहे, मीटिंग चालली आहे. मावशींनी घाईत एक वडा दिला आणि त्या गेल्या.

आम्हाला पाहून ती रडली नाही. म्हणाली, "पप्पा, मी कुणाला सांगितलं नाही."

आणि आम्ही? आम्ही तिला जवळ घेतले, मुलाला खांद्यावर टाकले आणि घराकडे चालता चालता म्हणालो, "आईला नको सांगू हं." विसरणे ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हती, ती आमची निवड होती. सात वर्षांच्या पोरीने ती दहा वर्षे पाळली.

ते दोन तरुण दुसऱ्या दिवशी सुटले. त्यांतला एक आज चांगल्या नोकरीला आहे, भेटला की वाकून जयभीम घालतो. आम्ही त्या रात्री चौकीवर गेलो नसतो तर? हा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारतो, आणि खरे तर तो विचारताना थोडे बरे वाटते, म्हणूनच विचारतो की काय, अशी शंका येते. 'स्माइल पिंकी' नावाचा एक माहितीपट आहे, २००९ साली त्याला ऑस्कर मिळाले. मिर्झापूरकडच्या एका खेड्यातली दुभंगलेल्या ओठाची पोर. शस्त्रक्रिया मोफत होते हे तिच्या बापाला ठाऊकच नव्हते. एक सामाजिक कार्यकर्ता गावोगाव फिरत तिथवर पोचतो, सांगतो, तेव्हा बाप तिला वाराणसीला नेतो आणि पोर हसू लागते. माहिती दारापर्यंत पोचल्याशिवाय गरीब आईबापांच्या हाती निवड येत नाही, म्हणून कोणीतरी फिरलेच पाहिजे, हे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू. तो फिरत होता तेव्हा त्याच्या घरी त्याची वाट कोण पाहत होते, ते त्या माहितीपटात नाही.

तर त्या रविवारी पावसात मुलगी बोलली आणि आम्ही दोघे न बोलता घरी आलो. पत्नी दिवसपाळी करून नुकतीच आली होती, भाकऱ्या थापत होती. तिने विचारले, "कसा झाला कार्यक्रम?" मुलगी आमच्याकडे पाहू लागली. तिच्या त्या पाहण्यात परवानगी मागणे होते. सतरा वर्षांची मुलगी, आणि अजून परवानगी मागते आहे.

आम्ही खाली बसलो आणि पत्नीला सगळे सांगितले. फोनसुद्धा.

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढून बाजूला ठेवली, गॅस बंद केला. आम्हाला वाटले, आता ही बोलेल, आणि बोलावेच असे वाटत होते. पण ती आमच्याशी बोलली नाही. मुलीला म्हणाली, "भूक लागली होती का गं तेव्हा?"

"मावशींनी वडा दिला होता," मुलगी म्हणाली. "यानं अर्धा खाल्ला, मी अर्धा."

"तिखट होता," आतून मुलगा म्हणाला. चौदा वर्षांचा आहे. तो तर झोपला होता, त्याला काही आठवत नाही, असे आम्ही दहा वर्षे धरून चाललो होतो.

जेवणे उशिरा झाली. मग पत्नी म्हणाली, तो गाड्यांचा पिक्चर मला दाखव. मुलीने लॅपटॉप ट्रंकेवर ठेवला. चौघे खाली बसून पाहू लागलो. या वेळी मुलीने मराठीतून काही सांगितले नाही आणि पत्नीने विचारले नाही. चारेक मिनिटे झाली असतील, तोच जिन्यावरून हाक आली. मंडळाचा पोरगा होता. खाली सगळे जमले आहेत, वाचनालयाच्या वीजबिलाचे काय ते ठरवायचे आहे, पाच मिनिटे या.

आम्ही दारात जाऊन सांगितले की आज जमणार नाही. त्याला नवल वाटले, त्याने पुन्हा विचारले, बरे नाही का? आम्ही म्हणालो, बरे आहे. परत येऊन बसलो तर तोवर पॉलीने अंगठी देऊन झाली होती.

मंगळवारी मात्र गेलो. बिल २३४० रुपये आले होते.